मार खाणाऱ्या घोड्याचे कान

सरदार उदयसिंहरावांच्या पागेत संपतराव जगदाळे बावीस वर्षं चाबुकस्वार होते. पाठीवर कुणाला बसू न देणारा घोडा आला की तो त्यांच्या हाती द्यायचा आणि चार महिन्यांनी माणसाळलेला परत घ्यायचा, असा तिथला रिवाज. माणूस उंच, काटक, मिशा भरघोस आणि संताप नाकाच्या शेंड्यावर. गुजरातेतल्या अकोटा गावचे लोक त्यांना लांबूनच रामराम करायचे आणि जवळ यायच्या आत गल्लीत वळायचे.

१९२३ साली दौलत नावाचा एक कुमैत, काळसर तांबड्या रंगाचा, घोडा त्यांना घेऊन उलटा पडला. कमरेचं हाड मोडलं. तीन महिने अंथरुणावर गेले, मग हातात काठी आली. त्याच सुमारास सरदारांनी दोन मोटारी घेतल्या, त्यामुळे पागा अर्धी रिकामी झाली. दौलतलाही विकून टाकलं. संपतरावांना मात्र सरदारांनी काढलं नाही. बंगल्याच्या दिवाणखान्यात स्टुलावर बसायचं, सकाळी खिडक्या उघडायच्या, तसबिरींवरची धूळ पुसायची, संध्याकाळी खिडक्या लावून किल्ल्या आत द्यायच्या, एवढं काम त्यांना दिलं.

"बावीस वर्षं जनावरं राखली, आता भिंती राखतोय," ते घरी येऊन चडफडायचे.

"भिंत लाथ तरी मारत नाही," अहल्याबाई म्हणायच्या. संपतरावांच्या बायकोला नवऱ्याच्या रागाची सवय होती, म्हणजे तेवढ्यापुरती भीती गेली होती.

दिवाणखान्यातलं सगळ्यांत मोठं चित्र सरदारांनी विलायतेच्या सफरीत विकत घेतलं होतं. हॉलंडमधल्या कुणा जुन्या चित्रकाराचं. त्याचं नाव खालच्या पितळी पट्टीवर इंग्रजीत होतं, ते संपतरावांना वाचता येत नसे. ते त्याला 'हॉलंडवाला' म्हणायचे. चित्र होतं घोडेबाजाराचं. ढगाळ आभाळ, लांब एक मनोरा, मैदानात राहुट्या, गाड्या, कुत्री, शंभराच्या वर माणसं आणि चौतीस घोडे. बाकीच्या तसबिरी संपतराव नुसत्या पुसायचे. ह्या एका चित्रापुढे त्यांचं फडकं थांबायचं.

दर गुरुवारी हेमचंद्र पोतनीस नावाचे चित्रकलेचे मास्तर आपल्या खाजगी वर्गातले चार विद्यार्थी घेऊन तिथं यायचे. मास्तर मुंबईला शिकून आलेले. गळाबंद कोट, परीटघडीचं धोतर, बोलणं तोलून. तैलरंग शिकायचा तर मोठ्या चित्रकाराच्या चित्राची नक्कल करायची, म्हणजे त्याचा हात आपल्या हातात उतरतो, असं त्यांचं म्हणणं. सरदारांनी परवानगी दिली होती. चार ईझल लागायची आणि चार घोडेबाजार सुरू व्हायचे.

तीन गुरुवार संपतरावांनी दात खाऊन सोसलं. चौथ्या गुरुवारी ते उठले आणि काठीचं टोक एका मुलाच्या कॅनव्हाससमोर धरलं.

"हे काय आहे?"

"घोडा."

"हा घोडा? ह्याचा गुडघा मागं वाकतोय! असं जनावर चार पावलं चालेल का? पखालीला चार काठ्या लावल्यात नुसत्या! अरे, समोर एवढं ढळढळीत काढून ठेवलंय, ते बघून तरी काढा!"

मास्तर सावकाश पुढे आले. "जगदाळे, ठाणावरचा घोडा वेगळा आणि चित्रातला वेगळा. तो फरक तुम्हाला कळायचा नाही. तुम्ही तिकडच्या चौकटी पुसून घ्या बरं."

पोरं फिदीफिदी हसली. चौथी विद्यार्थिनी, कॉलेजातल्या दिघे प्रोफेसरांची मुलगी निरुपमा, तेवढी हसली नाही. तिनं आपल्या कॅनव्हासवरच्या घोड्याकडे पाहिलं आणि त्याचा पुढचा पाय पुसून टाकला.

संपतरावांनी त्या दिवशी चौकटी पुसल्या. इतक्या जोरात पुसल्या की एकीचा सोनेरी वर्ख निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चुलीतला कोळसा उचलला आणि परसातल्या भिंतीवर घोडा काढायला घेतला. पहिला घोडा कुत्र्यासारखा झाला, दुसरा शेळीसारखा. संपतरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. घोड्याचं हाडन् हाड त्यांच्या तळहाताला ठाऊक होतं. डोळे मिटून त्यांनी कुठल्याही जनावराची दुखरी शीर शोधली असती. आणि त्याच हातानं भिंतीवर एक साधी मान निघेना! ते स्वतःलाच शिव्या घालत पुसायचे, पुन्हा काढायचे. सहाव्या दिवशी भिंतीवर एक घोडा उभा राहिला.

अहल्याबाई बादली घेऊन आल्या. "परवाच चुना मारला होता तिथं," त्या म्हणाल्या. मग जरा थांबल्या. "ह्याचा मागचा पाय दुखतोय का हो?"

"दुखत नाही. विसावा देतोय त्याला."

"तेच म्हणते मी. उभं राहून दमलाय."

संपतराव तसेच कोळशाच्या हातांनी सरदारांपुढे जाऊन उभे राहिले. "सरकार, मला त्या चित्राची नक्कल करायची आहे."

सरदारांकडे पाहुणे बसले होते. सगळ्यांना मोठी गंमत वाटली. "आमचा चाबुकस्वार चित्रकार होणार!" सरदार हसत म्हणाले. "होऊ दे. कॅनव्हास आमचा, रंग आमचे. पुढच्या दसऱ्याला अस्सल आणि नक्कल शेजारी शेजारी लावू आणि मंडळींना ओळखायला सांगू."

आपली करमणूक चालली आहे, हे संपतरावांना कळत होतं. मान खाली घालून त्यांनी मुजरा केला. मानेवरच्या शिरा ताठल्या होत्या.

सरदारांचा शब्द, त्यामुळे मास्तरांना नाही म्हणता आलं नाही. त्यांनी संपतरावांना कोपऱ्यात जागा दिली आणि शिकवलं काहीच नाही. "बघून शिका," एवढंच म्हणाले. संपतराव बघून शिकले. मूळ चित्रापुढे दोरे ताणून चौकोन पाडायचे, तेवढेच चौकोन कॅनव्हासवर आखायचे, एकेका चौकोनातली माणसं मोजून उतरवायची. रंग तेलात कालवायचा हेही त्यांनी पाहिलं. कोणतं तेल, हे काही कुणी बोललं नाही. संपतरावांनी घरून तेल आणलं आणि महिनाभर खपून आभाळ रंगवलं.

ते आभाळ वाळेना. पंधरा दिवस झाले, महिना झाला, बोट लावलं की बोटाला निळं. त्यावर धूळ बसली, कडुलिंबाची पानं चिकटली, माशा अडकून मेल्या. शेवटी एका गुरुवारी संपतरावांनी पॅलेटची सुरी घेतली आणि सगळ्यांदेखत सगळं आभाळ खरवडून काढलं.

"काका," निरुपमा हळूच म्हणाली, "कुठलं तेल घेतलंत?"

"तिळाचं. घरचं."

"तिळाचं कधीच वाळत नाही. जवसाचं लागतं."

संपतराव वळले. "हे मास्तरांना ठाऊक होतं?"

"हे सगळ्यांनाच ठाऊक असतं."

"तुलाही?"

निरुपमाचा चेहरा उतरला. "मलाही. मला वाटलं, मास्तरांनी सांगितलं असेल."

"वाटलं! महिनाभर माझ्या आभाळात माशा मरताना बघत होतीस, आणि वाटलं?"

तिनं ते ऐकून घेतलं. रडली नाही, सबबही सांगितली नाही. पुढच्या गुरुवारी ती तासभर आधी आली, पदराला हात पुसत त्यांच्या शेजारी उभी राहिली आणि सांगू लागली. खालचा थर टर्पेंटाइननं पातळ करायचा. वरच्या थरात तेल वाढवत जायचं. खालचा पुरता वाळल्याशिवाय वरचा द्यायचा नाही, घाई केली तर रंग तडकतो. नीट वाळलेला थर पुढं दगडासारखा होतो. संपतराव ऐकत होते. मधेच गुरकावत होते, "हे आधी का नाही सांगितलं?" आणि ती दर वेळी म्हणत होती, "आता सांगतेय ना, काका."

बदल्यात ते तिला पागेत घेऊन गेले. "हात लाव त्याच्या खांद्याला. घाबरतेस काय? इथून पाय निघतो. इथं वाकतो. तुमच्या मास्तरांनी जन्मात कधी घोड्याला हात लावला नसेल." महिन्याभरात वर्गातले सगळ्यांत खरे घोडे निरुपमाचे होऊ लागले. मास्तरांनी ते पाहिलं. शाबासकी दिली नाही.

उन्हाळ्यापर्यंत संपतरावांच्या कॅनव्हासवर बाजार भरत आला. काठी बाजूला टेकवून, दुखरी कंबर सावरत ते तासन् तास उभे राहायचे. एकेक माणूस उतरवता उतरवता त्यांची त्याच्याशी ओळख व्हायची आणि ओळख झाली की भांडण. एक हॉलंडचा शेतकरी पांढऱ्या घोड्याचे दात बघत उभा होता. त्याला ते ब्रश रोखून ओरडायचे, "दात काय बघतोस येड्या! दलालानं घासलेत ते. खूर बघ, खूर!" दिवाणखान्यात आलेले नोकर घाबरून मागच्या मागे जायचे.

सगळं झालं, पण उजवीकडचा खालचा कोपरा त्यांनी कोराच ठेवला. तिथं एक कुमैत घोडा गाडीला जुंपलेला होता आणि एक माणूस चाबूक उगारून त्याला मारत होता. मे महिना सरला, तरी संपतराव त्या चौकोनाला हात लावीनात. हॉलंडवाल्याच्या चित्रापुढे उभे राहून नुसते धुसफुसायचे.

"काका, एवढाच तर राहिलाय," एकदा वर्ग सुटल्यावर निरुपमा म्हणाली.

"त्याचे कान बघ."

तिनं पाहिलं. घोड्याचे कान पुढं होते, उभे, टोकदार.

"दाणा-चंदीची बादली आणताना घोडा असे कान करतो," संपतराव म्हणाले. "मार खाणारा घोडा कान असे ठेवत नाही. मागं घेतो. मानेला चिकटवतो, आणि डोळ्यातलं पांढरं दिसतं. ह्या माणसानं चौतीस घोडे काढले, तेहतीस खरे काढले. हा एक खोटा. त्याला दिसलं नाही असं नाही. ज्याला एवढं दिसतं, त्याला हे दिसलं नसेल? बघवलं नसेल. मग नटवायचा ना नुसता बाजार! मारणारा कशाला काढलास?"

त्यांचा आवाज चढला होता. मग एकदम खाली आला.

"दौलत मला घेऊन पडला असं सगळे सांगतात. मीही तेच सांगत आलोय. त्याच्या आधी पाऊण तास मी त्याला मारत होतो."

निरुपमानं हातातली चिंधी खाली ठेवली.

"नाल्यावरच्या लाकडी पुलावर चढेना तो. फळ्या वाजत होत्या, त्याला भ्यायला होत होतं. वर सरदार पाहुण्यांना घेऊन उभे होते. चार लोकांत माझी लाज गेली आणि लाजेचा राग झाला. त्याचे कान माझ्या डोळ्यांसमोर होते, पोरी. बसलेल्या माणसाला दुसरं दिसतं काय? मला ते वाचता येत होते. बावीस वर्षं तेच तर वाचत होतो. वाचून मारलं मी त्याला. मग तो मागच्या पायांवर उभा राहिला आणि मागं पडला. त्यानं दुसरं काय करायचं होतं?"

निरुपमानं एक बारीक ब्रश धुतला, पुसला आणि त्यांच्या हातात दिला.

त्या बैठकीत त्यांनी कुमैत घोड्याची मान आणि डोकं संपवलं. कान मागं, मानेला चिकटलेले. डोळ्याच्या कडेला पांढऱ्याचा एकच लहानसा फटकारा.

दसऱ्याला शस्त्रपूजा झाल्यावर दिवाणखाना माणसांनी भरला. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली होती. आभाळ तेच, मनोरा तोच, गर्दी तीच. नवीन चित्राचा रंग जरा भडक होता, काही चेहरे ओबडधोबड होते, पण घोडे जिवंत होते. मंडळी हसायला आली होती, ती गप्प होऊन पुढं सरकली. सरदार खूश झाले. "वा जगदाळे! हे चित्र इंदूरला आमच्या व्याह्यांना पाठवायचं."

हेमचंद्र मास्तर भिंग घेऊन चौकोनामागून चौकोन तपासत होते. उजव्या कोपऱ्यापाशी ते थांबले.

"इथं चूक झालीये, सरकार. मुळात कान उभे आहेत. ह्यांनी पाडलेत."

"चूक नाही," संपतराव म्हणाले. "मी बरोबर केलंय. चूक मुळात आहे."

मास्तर मंडळींकडे वळले. "अडीचशे वर्षं विलायतेतल्या जाणकारांनी ह्या चित्रापुढे माना डोलावल्या, आणि चूक सापडली ती आमच्या अकोट्याच्या चाबुकस्वाराला!"

आता मंडळी मोकळेपणी हसली. सरदारही हसले. संपतराव काठी टेकत मास्तरांसमोर आले.

"मास्तर, तुम्ही कधी घोड्याला मारलंय?"

"मी? छे! मी कशाला मारू?"

"मग गप्प बसा. मी मारलंय."

हसणं बंद झालं. सरदारांच्या कपाळावर आठी पडली. "पुरे. सणाच्या दिवशी वाद नको. जगदाळे, ते कान मुळाप्रमाणे करून टाका. नक्कल म्हणजे नक्कल."

"नाही करणार, सरकार."

असं उत्तर त्या दिवाणखान्यात आजवर कुणी दिलं नव्हतं. सरदार उठून आत गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी संपतरावांनी खिडक्या उघडल्या आणि त्यांना ताज्या तेलाचा वास आला. ते लंगडत चित्रापाशी गेले. कोपऱ्यातल्या घोड्याचे कान उभे होते. गुळगुळीत, टोकदार, चंदीची वाट बघणारे. डोळ्यातलं पांढरं गेलं होतं. काम सफाईचं होतं. मास्तरांचा हात त्यांना लगेच ओळखू आला.

रागानं त्यांना क्षणभर दिसेनासं झालं. मग त्यांनी बाटली उघडली, चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि हलक्या हातानं पुसायला लागले. वरचा रंग ओला होता, तो चिंधीवर आला. खालचा चार महिने वाळलेला होता. तो हलला नाही. आधी डोळा दिसला, मग मान, मग मागं घेतलेले कान.

"अहो, काय करताय हे!" दारातून हेमचंद्र मास्तर धावत आले. त्यांनी संपतरावांचा दंड धरला. "सरदारांचा हुकूम आहे! तुम्हाला अक्कल आहे का? शेवटी तबेल्यातलाच माणूस!"

संपतरावांनी काठी उगारली.

मास्तरांनी दंड सोडला. त्यांची मान खांद्यात गेली, चेहरा मागं ओढला गेला, डोळे पांढरे झाले. पुढं काय होणार हे त्यांना कळलं होतं आणि पळायचं सुचत नव्हतं. संपतरावांनी ते पाहिलं. काठी हवेत तशीच राहिली. त्यांचं सगळं अंग त्या माणसाला मारू पाहत होतं. मग त्यांनी ती खाली घेतली, भिंतीशी टेकवली आणि उरलेला कान पुसून पुरा केला.

किल्ल्यांचा जुडगा घेऊन ते सरदारांकडे गेले.

"चित्र आमचं आहे, जगदाळे," सरदार म्हणाले. "कॅनव्हास आमचा, रंग आमचे."

"आहे, सरकार. पण ते कान माझे आहेत. पुन्हा कुणाला हात लावू देऊ नका. बावीस वर्षं चाकरी केली, एवढंच मागतो."

सरदारांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्यांनी किल्ल्या घेतल्या.

चित्र इंदूरला गेलं. कान कसे गेले, मागं घेतलेले की पुन्हा उभे केलेले, ते संपतरावांना शेवटपर्यंत कळलं नाही. इंदूरहून आलेला कुणीही भेटला की ते त्याला थांबवून विचारायचे, आणि त्याला ठाऊक नसलं की त्याच्यावरच भडकायचे. निरुपमानं मास्तरांचा वर्ग सोडला. पुढं ती मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवू लागली. तिच्याकडे आठवड्यातून एकदा संपतरावांची फेरी असायची. तिनं दिलेल्या रंगाच्या नळ्या ते शेवटच्या थेंबापर्यंत पिळून वापरत.

नक्कल मात्र त्यांनी पुन्हा केली नाही. हॉलंडवाल्याकडून घ्यायचं ते घेतलं, आता आपला बाजार काढायचा, असं म्हणून त्यांनी अहल्याबाईंच्या जुन्या पासोडीला सरस लावून कापड तयार केलं आणि दर शुक्रवारी ते शहरात शुक्रवारीच्या बाजारात जाऊन बसू लागले. भंगारवाले, कोंबड्या विकणारे, टांगेवाले, तंबाखूच्या गोणी, उन्हानं वैतागलेली गाढवं. पाच वर्षं ते चित्र चाललं. सगळा बाजार त्यांना ओळखू लागला आणि त्यांच्या शिव्याही.

अहल्याबाई एकदा डबा घेऊन तिथं गेल्या, तेव्हा नवऱ्याभोवती चाळीस-पन्नास माणसांचं कोंडाळं होतं आणि आतून आवाज येत होता, "अरे बाजूला व्हा! तुम्ही सगळे इथं उभे राहिलात तर मी बाजार कुठला काढू? जा, आपापल्या जागी जा! तू, टोपीवाला, तू त्या गाढवापाशी होतास, तिथं जा!"

कोंडाळ्यातून वाट काढत वांगी विकणारी एक म्हातारी पुढं आली. कापडाला नाक लावून तिनं स्वतःला शोधलं आणि कमरेवर हात ठेवले.

"अरे काका, मारुं नाक आवडुं मोटुं छे?"

"आहेच तेवढं मोठं!" संपतराव गरजले. "आणि हलू नका. बसा तिकडं वांग्यांपाशी. अर्धा कान राहिलाय तुमचा."

म्हातारीनं त्यांना गुजरातीत एक सणसणीत शिवी हासडली, जाऊन वांग्यांपाशी बसली आणि डोक्यावरचा पदर कानामागं खोचला.